अंड्यांचा एकच भाव

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या कोंबड्यांचं काय करायचं, हे कोणालाच सुचलं नव्हतं. दिवसकार्य आटोपलं, मुंबईची माणसं परत गेली, माझा नवराही सुट्टी संपवून तिकडे कामावर रुजू झाला आणि खेडपासून बरंच आत असलेल्या आमच्या वाडीतल्या घरात मी आणि माझे सासरे असे दोघेच उरलो. मागीलदारी चिऱ्याच्या खुराड्यात सासूबाईंच्या गावठी कोंबड्या होत्या. रोज सकाळी त्या बाहेर यायच्या आणि खळ्यात उभ्या राहून सासूबाईंच्या हाकेची वाट बघायच्या. मी बोलावलं तर नुसत्या बघत राहायच्या. शेवटी सुपात तांदळाच्या कण्या हलवल्या की त्या आवाजाला तेवढ्या यायच्या.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते बघवत नसे. "देऊन टाक कोणाला तरी," ते म्हणायचे. "कोण करणार हे सगळं?" मी हो म्हणायचे आणि कोणाला काही विचारायचे नाही. खरं तर मलाही त्यांचा फार लळा नव्हता. पण दुपारी घर इतकं गप्प असायचं, की एखादी कोंबडी अंडं घालून ओरडायला लागली की बरं वाटायचं.

मामंजी एस.टी.त कंडक्टर होते. सगळी नोकरी खेड डेपोत झाली. बोलणं मोजकं, आवाज मात्र भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा. निवृत्तीला किती वर्षं झाली, पण अजूनही बाहेर पडताना शर्टाच्या वरच्या खिशात पेन लागतंच. सासूबाई गेल्यावर ते दिवसभर ओटीवर बसून राहायचे. समोरच्या रस्त्यावरून गाडी गेली की घड्याळ बघायचे, उशिरा आली तर तेवढं एक वाक्य बोलायचे.

अंडी साठायला लागली. सासूबाईंनी वाडीत कधी अंडं विकलं नव्हतं. कोणाकडे बाळंतीण असली, कोणाचं मूल तापातून उठलं, की त्या पदराखाली अंडी घेऊन जायच्या. कोणाची कोंबडी खुडूक, म्हणजे उबवायला बसायच्या बेतात, झाली आणि बसवायला अंडी हवी असली तरी आमच्याच दारी यायचे. त्यांचं जाणं-येणं होतं, त्यांना घरोघरची खबर असायची. मला तसं जमत नव्हतं. आम्ही दोघं खाऊन खाऊन किती अंडी खाणार?

दिवाळी झाल्यावर एकदा शाळेतल्या बाई आल्या. त्या घाटावरच्या, बदली होऊन आमच्याकडे आलेल्या, वाडीतच खोली घेऊन राहायच्या. "तुमच्याकडे गावठी अंडी मिळतील का?" त्यांनी विचारलं. मी टोपलीतली चांगली बघून पिशवीत घातली.

"किती द्यायचे?"

आकडा जिभेवर होता. दुकानात पोल्ट्रीचं पांढरं अंडं कितीला मिळतं ते मला ठाऊक होतं, गावठी त्याहून महाग हेही ठाऊक होतं. पण घरी आलेल्या माणसाला, तेही शाळेतल्या बाईंना, तोंड वर करून पैसे सांगायचे, हे मी कधी केलंच नव्हतं.

"द्या काहीही," मी म्हटलं.

"काहीही म्हणजे किती?"

"असू दे हो. राहू दे."

बाई अवघडल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "असं नको. मग मला परत येता यायचं नाही."

तेव्हा ओटीवरून मामंजींचा आवाज आला. "दहा रुपयाला एक. सुटे काढून ठेवा."

आम्ही दोघी दचकलो. बाईंनी हसत पैसे काढले. मामंजींनी हात पुढे करून ते घेतले, तळहातावर नाणी वेगळी, नोटा वेगळ्या केल्या, सुटे परत दिले आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले. बाई गेल्यावर मी पैसे घ्यायला गेले तर म्हणाले, "प्रवाशाला आकडा स्पष्ट सांगावा. आपण चाचरलो की त्याला वाटतं आपण लुबाडतोय, नाहीतर उपकार करतोय. दोन्ही वाईट."

सासूबाई गेल्यापासून एका दमात ते एवढं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर बाई दर आठवड्याला यायला लागल्या. त्यांनी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना सांगितलं. शनिवार-रविवारी गावी आलेले मुंबईकर जाताना नेऊ लागले. मुंबईकरांना थोडा जास्त भाव लावावा, असं माझ्या मनात होतं. त्यांना तिकडे याच्या दीडपट, दुप्पट द्यावे लागतात, हे नवऱ्यानंच मला फोनवर सांगितलं होतं. मामंजी ऐकेनात.

"माणूस बघून भाव बदलायचा नाय. एकाच गाडीत शेजारी शेजारी बसलेल्या दोघांना वेगळं तिकीट देता येतं काय?"

"पण त्यांना परवडतं, मामंजी."

"परवडतं म्हणून घ्यायला लागलो, तर ज्याला परवडत नाय त्याला उद्या काय सांगशील?"

भाव एकच राहिला. मग एक दिवस अंडी जास्त झाली तेव्हा तेच म्हणाले, "मी खेडला नेऊन बघतो." मी डब्यात भाताचं तूस पसरलं, त्यात अंडी एकमेकांना लागणार नाहीत अशी बसवली. सकाळच्या गाडीनं ते गेले. डबा प्रवासभर मांडीवर धरला होता म्हणे. बाजारातल्या दुकानदारानं अंडी हातात घेऊन तोंड वाकडं केलं, लहान आहेत म्हणाला आणि पोल्ट्रीच्या अंड्याचा भाव सांगितला. मामंजींनी वाद घातला नाही. डबा उचलला आणि डेपोत गेले. तिथे जुने ड्रायव्हर, मेकॅनिक, आणि मामंजींच्या हाताखाली शिकलेले, आता स्वतःच निवृत्तीला आलेले कंडक्टर होते. अर्ध्या तासात डबा रिकामा झाला. त्यांच्या एका जुन्या ड्रायव्हरनं दोस्तीखातर दोन अंडी जास्त मागितली, तर मामंजींनी त्याला चहा पाजला पण अंडी दिली नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर हे सांगताना ते हसले.

मग तो शनिवारचा नेमच झाला. डेपोतली तरुण पोरं रोख बाळगत नाहीत म्हणून माझ्या खात्याचा स्कॅन करायचा कागद प्लास्टिकमध्ये घालून मी त्यांच्या खिशात दिला. तिकडे डेपोत कोणी पैसे भरले की इकडे भांडी घासताना माझ्या फोनवर आवाज यायचा. ते नीट पोचले आहेत, हेही त्यातून कळायचं. त्या पैशांतून मी पहिल्यांदा कोणाला न विचारता स्वतःसाठी चपला घेतल्या.

आमच्या घराखाली पऱ्या आहे, म्हणजे पावसाळी ओढा. त्याच्या पलीकडे चुलत सासूबाईंचं घर. मी त्यांना काकी म्हणते. सासूबाईंची आणि त्यांची जन्माची मैत्री. भात लावायला दोघी एका ओळीत, नदीवर धुणं घेऊन जायच्या त्याही एकत्र. सासूबाई गेल्यावर काकी यायच्या, पण ओटीवर टेकून लगेच उठायच्या. त्यांनाही ते घर रिकामं लागत असणार.

त्या दिवशी मी कुळीथ काढायला शेतावर गेले होते. दुपारी परत आले तर मामंजी खुशीत होते.

"काकी येऊन गेली. अंडी घेऊन गेली. पैसे दिले, एक शब्द बोलली नाय."

"काकींनी पैसे दिले?"

"भाव सांगितला, दिले."

मी डोक्यावरचा भारा तसाच खाली टाकला. काकींची लेक बाळंत होऊन दोन दिवसांपूर्वीच दवाखान्यातून माहेरी आली होती. मीच आदल्या दिवशी बाळाला बघून आले होते आणि अंडी उद्या आणते, असं सांगून आले होते. कुळथाच्या गडबडीत राहून गेलं. म्हणून काकी स्वतःच आल्या असणार.

"मामंजी, ती अंडी बाळंतिणीसाठी होती."

"मला काय सांगितलं नाय तिनं."

"त्या कशाला सांगतील? सांगायला लागलंय का कधी या घरात?"

मामंजींचा चेहरा बदलला, पण ते मागे हटणारे नव्हते. "एकदा भाव ठरला की ठरला. आज काकी, उद्या दुसरी. वाडीत नात्यातलं कोण नाय? मग विकायचं कोणाला?"

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी सासऱ्यांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही, पण बोलले. "सासूबाईंच्या कोंबड्यांची अंडी आहेत ती. त्या असत्या तर काकींच्या दारात स्वतः घेऊन गेल्या असत्या. आणि एस.टी.त तरी सगळ्यांना पूर्ण तिकीट असतं का? म्हाताऱ्यांना सवलत, शाळेच्या मुलांना पास, आजारी माणसाला सवलत. तुम्हीच देत होतात ना?"

ते उठून मागीलदारी गेले. संध्याकाळपर्यंत खुराड्याशी काहीतरी ठोकाठोक करत होते. मीही जेवायला वाढण्यापुरतंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला वाटलं खेडला निघाले. पण ते टोपलीतली अंडी रुमालात बांधत होते. "चल," म्हणाले, "तूही चल. मला एकट्याला बोलता यायचं नाय."

पऱ्या ओलांडून आम्ही काकींच्या अंगणात गेलो. काकी बाळाची दुपटी वाळत घालत होत्या. मामंजींनी रुमाल पायरीवर ठेवला, त्याच्याशेजारी कालचे पैसे ठेवले.

"भावोजी, हे कशाला?" काकी म्हणाल्या.

"चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणणार होतो. पण विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाय."

काकींनी दुपटं झटकलं, दोरीवर नीट पसरलं. मग म्हणाल्या, "पैशाचं काय नाय हो. दुकानात गेले असते तरी दिलेच असते. पण तुमच्या दारात उभी राहिले नि मला वाटलं, ती गेली तशी मीपण इथं परकी झाले." मामंजी मान खाली घालून उभे राहिले. नंतर मला म्हणाले, "तू जा आत, बाळाला बघ." मी आत गेले. ते दोघं बाहेर पायरीवर बराच वेळ बसले होते. काय बोलले ते मी विचारलं नाही. सासूबाईंचं नाव मात्र मला दोन-तीनदा ऐकू आलं. त्या गेल्यापासून आमच्या घरात ते नाव कोणी घेतलं नव्हतं.

त्यानंतर बाळंतीण आणि आजारी माणूस यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं ठरलं. बाकी सगळ्यांना तोच भाव. "ही सवलत," मामंजी गंभीरपणे म्हणाले, "आणि सवलतीचा फायदा कोणी उगाच घेत असेल, तर ते आपल्याला कळतं. आयुष्यभर तेच केलंय." पण तसं कोणी केलं नाही. उलट एका घरातून बाळंतपणानंतर सूपभर नाचणी आली, दुसरीकडून पिकलेला फणस.

मे महिन्यात मानमोडी आली. आधी एक कोंबडी खाईना. दुसऱ्या दिवशी तिची मान एका बाजूला वळली, ती गोल गोल फिरायला लागली. मग दुसरी, मग कोंबडा. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले, पण हा रोग एकदा आत शिरला की औषध चालत नाही, लस आधी द्यावी लागते, असं त्यांनी सांगितलं. आम्ही ती दिली नव्हती. सासूबाईंनीही कधी दिली नव्हती, आणि इतकी वर्षं निभावलं होतं. मेलेल्या कोंबड्या खोल पुरायच्या, खुराड्यात चुना मारायचा, निदान पावसाळा जाईपर्यंत नवीन कोंबडी आणायची नाही, असं सांगून ते पऱ्यापलीकडे गेले आणि तिकडच्या कोंबड्यांना लस देऊन आले. तिकडे रोग पोचला नव्हता.

आठवडा संपायच्या आत खुराडं रिकामं झालं. मामंजींनी स्वतः खड्डे खणले, मला हात लावू दिला नाही. शनिवारी ते खेडला गेले नाहीत. डेपोतून फोन आले, तर "सध्या अंडी नाहीत" एवढंच सांगायचे. बाजारातल्या त्या दुकानदाराला कुठून तरी कळलं. त्यानं फोन करून सांगितलं, की तो पोल्ट्रीची लालसर अंडी देईल, ती मामंजींनी डेपोत गावठी म्हणून खपवावी, माणसं त्यांच्याकडून डोळे मिटून घेतात. मामंजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणूनच नको," म्हणाले आणि फोन मला बंद करायला दिला.

तो पावसाळा लांब वाटला. नवरा गणपतीला आला. आधी फोनवर तोच म्हणायचा, कशाला त्या कोंबड्यांचा व्याप. पण आल्या आल्या मागीलदारी गेला आणि रिकाम्या खुराड्यासमोर उभा राहिला. आई कोंबड्या कोंडायची तेव्हा कशी नावं घेऊन शिव्या द्यायची, ते मला सांगायला लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं खेडहून जाळी आणली आणि विसर्जन होईपर्यंत वेळ मिळेल तसं खुराडं नीट केलं. खालून मुंगूस शिरू नये म्हणून चिरे बसवले, वरून पत्रा घातला. "कोंबड्या नाहीत तर कशाला करतोस?" मी विचारलं.

"खुराडं असलं की येतील," तो म्हणाला.

नवरात्र सरलं आणि एका सकाळी काकी पऱ्या ओलांडून आल्या. डोक्यावर डालगं, म्हणजे कोंबडी झाकायची बांबूची टोपली, आणि हातात कापडात बांधलेली अंडी. डालग्यात पिसं फुगवून बसलेली खुडूक कोंबडी होती.

"डॉक्टरना विचारलंय मी," काकी म्हणाल्या. "आता चालेल म्हणाले. बसव हिला. आणि ही अंडी कोणाची म्हणून बघतेस? तुझ्या सासूनं मला बसवायला अंडी दिली होती, त्यातून निघालेल्या कोंबड्यांची ही. तुमचंच बी आहे."

मी मामंजींकडे बघितलं. ते ओटीवरून उठून आले होते. त्यांनी वाकून कोंबडीकडे बघितलं, तिनं चोच मारायचा प्रयत्न केला.

"काकी, काय द्यायचं ह्याचं?" मी विचारलं.

"भाव मला काय विचारतेस? भाव सांगणारे हे उभे आहेत."

मामंजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कोंबडी तुझी, अंडी तुझी. घर आमचं, दाणा आमचा. पिल्लं निम्मी निम्मी. चालेल?"

"चालेल की," काकी म्हणाल्या. "पण विषम निघाली तर वरचं पिल्लू माझ्या नातीचं."

पडवीच्या कोपऱ्यात बांबूच्या पाटीमध्ये पेंढा पसरून आम्ही तिला बसवलं. ती दिवसातून एकदाच उठायची, घाईघाईनं दाणे टिपायची आणि पुन्हा अंड्यांवर जायची. मामंजी तिच्या वाटेला कोणाला जाऊ देत नसत. तीन आठवड्यांनी सकाळी पाटीतून बारीक आवाज आले. मी बघायला गेले तर ते आधीच तिथे उकिडवे बसलेले होते. पिसांतून एक ओलसर, पिवळं-काळं डोकं बाहेर आलं होतं. त्यांनी काकींना ऐकू जाईल अशी हाक मारली. गाडीतल्या मागच्या सीटपर्यंत जाणारा तो आवाज पऱ्यापलीकडे सहज गेला. लेक दिवाळीला माहेरी आली होती, त्यामुळे काकी नातीला काखेत घेऊनच आल्या.

पिल्लांसाठी मी रोज वाळवी शोधून आणायचे. घार दिसली की मामंजी टाळ्या वाजवायचे. आणि या वेळी लस चुकवायची नाही, असं मी ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, एका घरासाठी बाटली फोडली तर बाकीची लस फुकट जाते, वाडीतल्या सगळ्या कोंबड्या एके दिवशी आणा. मी आणि काकी घरोघर फिरलो. सासूबाईंच्या माघारी मी इतक्या घरांत पहिल्यांदाच गेले असेन. काही ठिकाणी चहा झाला, काही ठिकाणी मला बसवून घेऊन सासूबाईंच्या गोष्टी सांगितल्या. ठरलेल्या सकाळी शाळेच्या पटांगणात डालगी, टोपल्या, पिशव्यांतून डोकी काढलेल्या कोंबड्या, सगळं गोळा झालं. बायका एकमेकींच्या कोंबड्यांना नावं ठेवत होत्या. मामंजी रांग लावत होते आणि कोणालाही मध्ये घुसू देत नव्हते. डॉक्टरांनी एकेक कोंबडी घेऊन तिच्या डोळ्यात थेंब टाकला.

त्याच पिल्लांच्या तलंगा झाल्या, त्या आता अंडी घालतात. काकींच्या वाट्याच्या काकींकडे, आमच्या आमच्याकडे. दाणा महागला, लसही आली, म्हणून भाव थोडा वाढवावा लागला. तो आम्ही तिघांनी ओटीवर बसून ठरवला. मामंजी आधी तयार नव्हते. एस.टी.चंही भाडं वाढतं, असं काकींनी सांगितल्यावर कबूल झाले. वाडीतल्या आणखी तीन घरांनी त्याच भावानं अंडी द्यायची ठरवलंय. शनिवारी डेपोत डबा नेताना काकीही सोबत असतात. त्यांना खिडकीची जागा लागते.

दोन कोंबड्या पुन्हा खुडूक झाल्या आहेत. खुराडं अपुरं पडणार हे दिसतंच आहे. काल नवऱ्यानं फोनवर विचारलं, या वेळी येताना किती जाळी आणू? मी म्हटलं, थांब, काकींना विचारून सांगते.